गायक न येणारी मैफल: ‘आयसोलेशनिझम’ हा संग्रह कसा ऐकावा

हा संग्रह मी घरी पहिल्यांदा स्पीकरवर लावला, तेव्हा स्वयंपाकघरातून आईने विचारलं, “पाण्याची मोटर चालू राहिलीय का रे?” मला राग आला होता. पण तिचा कान बरोबर होता. यातल्या निम्म्या रचना खरोखरच मोटर, पंखा, ट्रान्सफॉर्मर किंवा लांबून जाणारी मालगाडी यांच्या जातीच्या आहेत. प्रश्न इतकाच, की मोटर दोन तास मन लावून का ऐकायची, आणि ऐकायचीच असेल तर कशी.

संग्रहाचं पूर्ण नाव ‘अँबियंट 4: आयसोलेशनिझम’. 1994 साली व्हर्जिन कंपनीने ब्रिटनमध्ये काढलेल्या दोन सीडी, त्यावर 23 वेगवेगळ्या कलाकारांच्या आणि गटांच्या रचना. निवड केविन मार्टिन या संगीतकाराची, जो पुढे ‘द बग’ या नावाने जास्त ओळखला गेला. ‘आयसोलेशनिझम’ हा शब्दही त्याचाच, आदल्या वर्षी ‘द वायर’ या ब्रिटिश मासिकात छापून आलेला. अर्थ सोपा आहे: जगापासून तुटलेपण.

थोडी पार्श्वभूमी हवी, नाहीतर हे लोक एवढे रुसलेले का, ते कळत नाही. ब्रायन ईनोने 1978 मध्ये विमानतळासाठी संगीत काढलं आणि ‘अँबियंट’ हे नाव रूढ केलं. लक्ष दिलं तर रंजक, नाही दिलं तरी चालेल, अशी त्याची कल्पना. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमधल्या रेव्ह पार्ट्यांत नाचून दमलेल्यांसाठी वेगळी खोली असायची, तिथे हेच संगीत मऊ गादीसारखं अंथरलं जाऊ लागलं. मार्टिनने गोळा केलेली माणसं त्या गादीवर बसायला तयार नव्हती. त्यांच्याकडे गिटारचा फीडबॅक (ॲम्प्लिफायरसमोर धरल्यावर उठणारी किंचाळी) होता, घासलेले गाँग, म्हणजे धातूच्या मोठ्या थाळ्या, होत्या, बिघडलेल्या यंत्रांचे आवाज होते. साधनं अँबियंटचीच, पण आराम काढून घेतलेला.

पहिली पायरी: फोनचा स्पीकर विसरा

फोनच्या चिमुकल्या स्पीकरमधून दोनेकशे हर्ट्झच्या खालचं जवळजवळ काहीच नीट येत नाही. काळी एकमध्ये लावलेल्या तंबोऱ्याची खर्जाची तार साधारण 69 हर्ट्झची असते. फोनवर तंबोरा ऐकताना तो खर्ज आपला मेंदू वरच्या स्वरांवरून अंदाजाने भरून काढतो. या संग्रहात मात्र बऱ्याच ठिकाणी वरचे स्वर फारसे नसतातच, असतो तो खर्जच. म्हणजे फोनवर लावलंत तर तुम्ही शांतता ऐकाल आणि हे संगीत रिकामं आहे असं म्हणाल.

कान झाकणारे साधे वायरचे हेडफोन पुरेत. महागडे लागत नाहीत. मग ॲपमध्ये जाऊन चार गोष्टी बंद करा: शफल, दोन गाणी एकमेकांत मिसळणारा क्रॉसफेड, सगळ्यांचा आवाज एकसारखा करणारी सोय, आणि बास वाढवणारं जे काही असेल ते. तिसरी सगळ्यांत महत्त्वाची. इथे एखादी रचना मुद्दाम ऐकू येईल-न येईल अशी ठेवलेली असते, आणि ॲप बिचारं तिला मदत म्हणून वर ओढतं. सगळं नीट झालं की फोन विमान मोडवर टाका.

आवाज किती ठेवायचा? सगळ्यांत हळू जागा जेमतेम ऐकू येईल इतका, त्याहून जास्त नाही. सावकाश चढत जाणारा आवाज मोठा झालाय हे लवकर लक्षात येत नाही, हा या प्रकारातला खरा धोका. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सुचवलेली मर्यादा आठवड्याला 40 तास, 80 डेसिबल अशी आहे. एकदा पातळी ठरवली की मधेच बटणाला हात लावायचा नाही.

दुसरी पायरी: वेळ निवडा

काम करताना लावू नका, आणि झोपताना तर मुळीच नको. मी आधी लोकलमध्ये ऐकायचा प्रयत्न केला. पुढचं स्टेशन सांगणारा आवाज हा त्या प्रवासातला सर्वोत्तम संगीताचा क्षण ठरला, कारण बाकी सगळं गाडीच्या खडखडाटात विरघळून गेलं होतं. रात्री अकरानंतर, दिवे मंद, पाठ टेकलेली, पण बसून. आडवं झालात की गेलात. दोन्ही सीडी मिळून दोन तासांच्या वर जातात, तेव्हा एका बैठकीला एकच.

तिसरी पायरी: पहिल्या गाण्यापासून सुरुवात करू नका

अल्बम क्रमाने ऐकावा, या मताचा मी आहे. पण हा संग्रह पाहुण्याला दारातच अडवतो. पहिलीच रचना जपानच्या के. के. नल आणि अमेरिकेच्या जिम प्लॉटकिन यांची आहे. दोघेही गोंगाटाच्या संगीतातून आलेले, आणि नवख्या कानाला तिथे धरायला फार काही नाही. म्हणून पहिल्या दिवशी मागच्या दाराने शिरा.

पहिल्या सीडीवर स्कॉर्नची ‘सिल्व्हर रेन फेल’ आहे, ती आधी लावा. तिथे पाय ठेवायला जमीन आहे. स्कॉर्न म्हणजे मुख्यतः मिक हॅरिस, बर्मिंगहॅमचा ढोलवादक. हा पूर्वी नेपाम डेथ या कर्कश, अतिजलद वाजवणाऱ्या गटात होता, ज्यांचं सव्वा सेकंदाच्या आसपास संपणारं गाणं विक्रमांच्या पुस्तकात गेलं. ‘ब्लास्ट बीट’ हा शब्दही बहुधा त्याच्याच नावावर सांगितला जातो, म्हणजे कानठळ्या बसवणारी अतिजलद ढोलपिटाई. आता हाच माणूस दुसऱ्या सीडीवर लल या नावाने पुन्हा भेटतो, ‘थॉट्स’ या रचनेत. तिथे ढोल नाहीच. स्कॉर्न ऐकून झालं की लगेच हे लावा. वेगाचं वेड असलेल्या माणसाने वेग पूर्ण सोडून दिला तर काय उरतं, ते लागोपाठ ऐकलं की या संग्रहाचं निम्मं दार उघडतं.

मग लॅब्रॅडफर्ड (अमेरिकेतल्या व्हर्जिनियातल्या रिचमंडचे) आणि सीफील हे दोन गट. दोघांकडेही गिटार आहे आणि ती गिटार आहे हे अजून ओळखू येतं. त्यानंतर मेन, म्हणजे मुख्यतः रॉबर्ट हॅम्पसन. त्याच्याकडेही गिटारच, पण आता ओळखू येत नाही. पहिल्या रात्री एवढंच बस.

एफेक्स ट्विन या गाजलेल्या इलेक्ट्रॉनिक संगीतकाराचं नाव पाहून अनेकजण आधी तिकडे धावतात. धावा, हरकत नाही. पण ती त्याची सर्वांत चांगली रचना नव्हे, या संग्रहातलीही नव्हे.

चौथी पायरी: तंबोऱ्याचा कान वापरा

इथे मराठी श्रोत्याला एक आयती सोय आहे. अखंड चालणाऱ्या स्वराला इंग्रजीत ड्रोन म्हणतात (लग्नात डोक्यावरून फिरणारा तो नव्हे), आणि तो आपल्याला परका नाही. मिरजेत घडलेला चांगला तंबोरा कुणी शेजारी बसून छेडला असेल तर आठवून पाहा. घोडीवर तारेखाली सरकवलेला तो दोरा केसभर हलला की जवारी खुलते, आणि चार तारांतून वरचे स्वर उमलून एकमेकांत फिरू लागतात. वाजवणारा काहीच नवीन करत नसतो, पण ऐकणाऱ्याला दर आवर्तनाला काहीतरी नवीन सापडतं.

आता हाच कान इकडे लावा. फरक एकच, पण तो जीवघेणा आहे. मैफलीत तंबोरा सुरू झाला की आपण गायकाची वाट बघतो. इथे गायक येतच नाही. त्याहून वाईट म्हणजे हळूहळू तंबोराही सरकू लागतो. षड्ज कुठला हे ठरवेपर्यंत तो बदललेला असतो. नव्या श्रोत्याला जो कंटाळा येतो किंवा जी भीती वाटते, ती बहुतेक वेळा या वाट बघण्याचीच असते. तर वाट बघणं सोडा आणि जवारी ऐका. आवाजाची कड कशी आहे: खरखरीत, ओली, की गुळगुळीत? तो जवळ आहे की दूर? खोलीत आहे की बोगद्यात? दोन स्वर जवळजवळ सारखे लागल्यामुळे मधे ‘वाँव वाँव’ अशी लाट येतेय का? एका वेळी एकच प्रश्न धरून पाच मिनिटं काढा. सगळे एकदम धरलेत तर डोकं दुखेल.

यासाठी सर्वोत्तम सराव म्हणजे दुसऱ्या सीडीवरचं फायनल, रचना ‘हाइड’. फायनल म्हणजे जस्टिन ब्रॉडरिक. हाही बर्मिंगहॅमचा, हाही एकेकाळी नेपाम डेथमध्ये. फायनल त्याने शाळकरी वयातच सुरू केलं होतं. आणि इथे एक गंमत सांगायलाच हवी. ब्रिटनमधली वीज आपल्यासारखीच 50 हर्ट्झची. म्हणजे तिथल्या ॲम्प्लिफायरची गुणगुण आणि आपल्या गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरची गुणगुण एकाच पट्टीतली. अमेरिकेची वीज 60 हर्ट्झची. 60 भागिले 50 म्हणजे 6:5, आपल्या षड्जावर अमेरिकेचा कोमल गंधार! हेडफोन काढल्यावर फ्रिज त्याच रचनेत पुढे गातोय असं मला एकदा वाटलं होतं, आणि ते अगदीच वेड्यासारखं नव्हतं.

पाचवी पायरी: आता अवघड माणसं

दुसऱ्या सीडीवर एएमएम आहेत. हा गट 1965 मध्ये लंडनमध्ये सुरू झाला, म्हणजे बाकीच्या बहुतेकांच्या एक पिढी आधी. कीथ रो गिटार टेबलावर आडवी ठेवून तिच्यावर वस्तू घासतो, शेजारी रेडिओ चालू ठेवतो. ठरवून काहीच वाजवायचं नाही, हा त्यांचा शिरस्ता. त्यांना ऐकताना ‘पुढे काय’ विचारू नका, ‘हा आवाज कशाचा’ हेही विचारू नका. लपाछपीत लपलेल्या मुलासारखं बसा, कान उघडे आणि हालचाल बंद. पहिल्यांदा नाही जमणार. मला तिसऱ्यांदा जमलं, तेही अर्धंच. एएमएमचा तालवादक एडी प्रेव्हॉ याच सीडीवरच्या ई.ए.आर. या गटाशीही जोडलेला आहे. साठच्या दशकातले आणि नव्वदचे असे हात एकमेकांत गुंफलेले आहेत.

पहिल्या सीडीवर पॉल शुट्झची रचना रेनाल्दो आरेनास या क्युबन लेखकाच्या स्मृतीला वाहिलेली आहे. आरेनास 1990 मध्ये न्यूयॉर्कमध्ये निर्वासित म्हणून वारला. हे कळल्यावर रचना वेगळी लागते. माझा सल्ला मात्र असा, की शीर्षकं दुसऱ्या ऐकण्याच्या वेळी वाचा. आधी वाचलीत तर कान शीर्षकाला पुरावे शोधत बसतात. पहिली सीडी ज्याने संपते त्या केजी हायनोच्या निजिउमु गटाच्या रचनेचं नाव तर प्रायश्चित्ताच्या ज्वाळांबद्दल आहे. एवढं वाचल्यावर ज्वाळा दिसणारच!

शेवटी थोमास क्योनर. हा जर्मनीचा, आणि त्या काळातलं त्याचं काम गाँगवर उभं आहे. गाँग वाजवायचा कमी, घासायचा जास्त, आणि तो आवाज इतका खाली उतरवायचा की धातू विसरून बर्फाचा भास व्हावा. त्याच्या अल्बमांची नावंही थंडीची: 1993 चा ‘पर्माफ्रॉस्ट’, म्हणजे कायम गोठलेली जमीन. या संग्रहाचा शेवट त्याच्याकडे आहे. हे आवाज कानापेक्षा जबड्याला आणि छातीला आधी कळतात, म्हणून हेडफोनऐवजी बरे स्पीकर मिळाले तर इथे वापरा. आणि आईला आधी सांगून ठेवा.

नकोसं झालं तर

थांबा. हे काही व्रत नव्हे. काहींना या संगीताने खरंच गुदमरल्यासारखं होतं, विशेषतः मन आधीच खचलेलं असताना. अशा आठवड्यात हा संग्रह बाजूला ठेवावा, मीही ठेवतो. आणि साधा कंटाळा आला असेल तर त्या रचनेत अजून तीन मिनिटं थांबून मग सोडा. ही तीन मिनिटं मी का सांगतो, ते तुम्हाला ललच्या वेळी कळेल.

सहावी पायरी: आता क्रमाने

आठवडाभर असं तुकड्यातुकड्यांनी ऐकल्यावर एका रात्री पहिली सीडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत लावा. दुसरी पुढच्या रात्री. दारात अडवणारी ती पहिली रचना आता वेगळी लागेल. मार्टिनने शेजारी शेजारी काय ठेवलंय ते आता दिसतं: कुठे गोंगाटानंतर अचानक मोकळी जागा, कुठे धातूनंतर धुकं. डिस्को इन्फर्नोसारखा पॉप गाण्यांचा गट इथे काय करतोय, किंवा टॉक टॉक या पॉप गटातून बाहेर पडलेल्या दोघांचा ओ.रँग इथे कसा, असे प्रश्न पडतील. मला त्या दोन निवडींपैकी एक अजून पटलेली नाही. कोणती ते सांगत नाही, तुमची तुम्ही ठरवा.

पूर्ण संग्रह एका जागी मिळाला नाही, तर जुन्या सीडी विकणाऱ्यांकडे शोधा, किंवा मूळ कलाकारांच्या पानांवरून एकेक रचना गोळा करून त्याच क्रमाने यादी लावा. हाताने यादी जोडताना रचनांच्या नावापुढचा कंस तपासा. इथल्या काही रचना मूळ अल्बमवरच्या नाहीत, वेगळ्या मिक्समधल्या, म्हणजे त्याच रचनेच्या बदललेल्या मांडणीतल्या आहेत. स्कॉर्नची ‘डीप वॉटर’ मिक्स आहे. चुकीची घेतलीत तर तिसऱ्या पायरीतली ती जमीन जागेवर नसेल.