घरचं मांजर सांभाळावं कसं, आणि त्यातून मन निवांत कसं करावं

लेकरं पुण्या-मुंबईला गेली, नोकरीतून निवृत्ती झाली किंवा घरातलं जवळचं माणूस गेलं, की दिवस अंगावर येतो. अशा वेळी कितीतरी जण मांजर आणतात आणि ते मांडीवर येऊन बसण्याची वाट बघत राहतात. माझं मत असं की, निवांतपणा ते मांडीवर येण्यात कमी आणि त्याचं रोजचं काम वेळेवर, मन लावून करण्यात जास्त आहे. लातूर-परभणीकडच्या आपल्या घरांत हे काम कसं बसवायचं, ते क्रमाने सांगते.

आधी वेळा बांधा

मांजर पहाटे आणि सांजेला जास्त चपळ असतं. म्हणून सकाळी चहाचं आधण ठेवण्याआधी एक वाटी आणि दिवेलागणीला दुसरी. थोड्याच दिवसांत वेळ झाली की ते आपणहून ओट्यापाशी येऊन उभं राहतं. पहाटेच डोळे उघडतात आणि मग विचार सुटत नाहीत, अशा माणसाला याचा फार आधार होतो. उठल्या उठल्या हाताला काम असतं, आणि ते उद्यावर टाकता येत नाही.

वाटीत काय घालायचं

दूध-भाकरीवर मांजर जगतं, असं आपण पिढ्यान् पिढ्या मानत आलो. गावातलं मांजर उरलेली भूक उंदरांवर भागवायचं, म्हणून ते खपून गेलं. फ्लॅटमधल्या मांजराला उंदीर कुठून मिळणार? मांजर पक्कं मांसाहारी आहे. टॉरिन नावाचा घटक त्याला मांस-मासळीतून मिळतो. तो बरेच दिवस कमी पडला, तर नजर जाऊ शकते आणि हृदय कमजोर होतं. शिवाय मोठ्या झालेल्या पुष्कळ मांजरांना दूध पचत नाही, पोट बिघडतं.

मग गळ्यात माळ असलेल्या घरांनी काय करावं? मांजरांसाठी तयार मिळणारं कोरडं खाद्य आणावं. त्यात टॉरिन घातलेलं असतं आणि घरात काही शिजवावं लागत नाही. त्याची वाटी, चमचा, डबा वेगळा ठेवला की आजींच्या मनालाही लागत नाही. पण आपली एकादशी मांजराला करायला लावू नका. ज्यांच्याकडे मांसाहार होतो त्यांनी कोंबडी मीठ-मसाल्याशिवाय उकडून, हाडं काढून द्यावी, तीही तयार खाद्याच्या जोडीला. रश्शातला तुकडा धुऊनसुद्धा देऊ नका. कांदा-लसणाने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

पाणी आणि आपला उन्हाळा

मांजराला तहान मुळातच कमी लागते, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 42 अंशांच्या पुढे जातो. मातीचं पसरट भांडं खाण्याच्या वाटीपासून लांब, सावलीत ठेवा. घरात दोन-तीन ठिकाणी पाणी असू द्या, रोज ताजं भरा. दुपारी पत्र्याच्या खोलीत त्याला कोंडू नका. तोंड उघडं टाकून धापा टाकत असेल, तर थंड जागी हलवा, अंग ओल्या फडक्याने पुसा आणि डॉक्टरांना फोन करा. बोका सारखा शी-शूच्या ट्रेमध्ये जाऊन बसतो, कण्हतो आणि लघवी होत नाही, असं दिसलं तर उन्हाळी लागली असेल म्हणून थांबू नका. मूत्रमार्ग तुंबला असेल तर एक-दोन दिवसांत जीव जातो.

ट्रे

चाळलेली वाळू किंवा कोरडी माती चालते. घाण रोज काढा. मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी जंतू पसरू शकतो, पण तो संसर्ग करण्याजोगा व्हायला एक दिवस तरी लागतो, म्हणून रोजची सफाई महत्त्वाची. घरात गरोदर लेकसून असेल तर हे काम दुसऱ्याने करावं.

रोज थोडा वेळ नुसतं बसा

मोबाईल आत ठेवा आणि मांजरापासून हातभर अंतरावर जमिनीवर बसा. उचलू नका, बोलावू नका. त्याने तुमच्याकडे पाहिलं की टक लावू नका. पापण्या अर्ध्या मिटा, मग पूर्ण मिटा, सावकाश उघडा. 2020 मध्ये इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांना आढळलं की, अशी उघडझाप केली की मांजरंही डोळे बारीक करून प्रतिसाद देतात आणि अनोळखी माणसाच्याही हाताजवळ जास्त येतात. ते जवळ आलं की आधी बोट हुंगू द्या, मग हनुवटीखाली खाजवा. एवढ्यात तुमचा श्वासही संथ झालेला असतो.

हात फिरवताना लक्षही तिथेच ठेवा. शेपटीच्या मुळाशी केस बाजूला सारून पाहा. मिऱ्याच्या भुकटीसारखी काळी कणी दिसली, तर ती ओल्या कापसावर ठेवा. लालसर डाग पसरला की पिसवा झाल्या समजा. मात्र कुत्र्याचं पिसवांचं औषध मांजराला लावू नका. त्यातलं परमेथ्रिन मांजराला घातक असतं.

दवाखाना

तापाची पॅरासिटामोलची गोळी मांजराला मारते. अर्धीसुद्धा देऊ नका. सोयाबीन, हरभऱ्याची पोती घरात आली की उंदरांचं औषध टाकलं जातं. विषाने मेलेला उंदीर खाऊन मांजरालाही विषबाधा होऊ शकते, म्हणून त्याऐवजी पिंजरा लावा. पिल्लू आठ आठवड्यांचं झालं की लसीकरण सुरू करा, रेबीजची लस ते साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर. पाच-सहा महिन्यांचं झालं की नसबंदीचं विचारा. गावातल्या दवाखान्यात सोय नसेल, तर परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत.

वारीला किंवा लेकीकडे जाताना मांजर दुसऱ्याच्या घरी सोडू नका. नव्या जागेत ते बिथरतं. शेजारच्या वहिनींना किल्ली द्या, आणि खाण्याचं माप, ट्रेची वेळ, डॉक्टरांचा नंबर कागदावर लिहून फ्रीजवर चिकटवा. ते एक दिवस पूर्ण उपाशी राहिलं तर लगेच फोन करायला सांगा.