पीव्हीसी पाइपवर रारा, खाली डीजेची किक

लग्नसराईत मी डीजे चालवतो, त्यामुळे किकशिवाय, म्हणजे छातीत धप्प बसणाऱ्या खालच्या ठोक्याशिवाय, नागपूरकर नाचत नाही हे मला माहीत आहे. हैतीच्या बुकमन एक्सपेरियान्स या बँडनं मात्र वोडू या तिथल्या लोकधर्माचे ढोल आणि इलेक्ट्रिक गिटार एकत्र करून 1990 च्या कार्निव्हलमध्ये सरकारला हादरवणारं गाणं वाजवलं. 2010 च्या भूकंपानंतर उभ्या राहिलेल्या लाकू मिझिक या हैतीच्याच बँडनं तर 2021 मध्ये जोसेफ रे या इलेक्ट्रॉनिक निर्मात्यासोबत आख्खा अल्बम केला. तो बाज घरी बसवायचा तर सुरुवात रारापासून करा. ईस्टरआधीच्या आठवड्यांत तिथं निघणाऱ्या या मिरवणुकांत वाक्सिन नावाच्या बांबूच्या नळ्या फुंकतात. एका नळीतून एकच सूर निघतो, चाल सगळ्यांनी मिळून पुरी करायची.

बांबूच्या मागे धावू नका. इतवारी बाजारातून दोन इंची पीव्हीसी पाइप आणा. चार, तीन आणि अडीच फुटांचे तुकडे कापा. एका टोकाला झाकण लावून बोट जाईल एवढं भोक पाडा, कडा पॉलिश पेपरनं घासा. ओठ थरथरवत फुंकायचं. शंख वाजवणाऱ्या भाऊला हे पहिल्या दिवशी जमतं, बाकीच्यांचे गाल दुखतात.

आता आठ मात्रा मोजा. चार फुटी 1, 4, 7 वर, तीन फुटी 2 आणि 5 वर, अडीच फुटी 3 आणि 6 वर. आठवी मोकळी सोडा, श्वास तिथंच घ्यायचा. एकानं काडीनं पाइपच्या अंगावर आठही मात्रा ठोकाव्या. हैतीतही वाक्सिनवर असंच ठोकतात.

लॅपटॉपवर टेम्पो 120, किक 1, 3, 5, 7 वर. चौथ्या मात्रेला किक नसते आणि नेमका तिथं लांब पाइप हुंकारतो. कंबर हलते ती तिथं! म्हणून पाइपचं रेकॉर्डिंग ग्रिडला, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या मात्रांच्या रेघांना, चिकटवू नका, थोडं मागेपुढे राहू द्या. चार फुटीचा सूर साधारण 70 हर्ट्झला येतो आणि किकही तिथंच घुसते, तेव्हा किकचा सूर 50 हर्ट्झकडे उतरवा. आमचे डीजे लोक उलटं करतात, किकचा आवाज वाढवत नेतात आणि मग म्हणतात, वाद्य ऐकूच येत नाही बे.

मे महिन्यात गच्चीवर रेकॉर्ड करायचं तर सकाळी सातच्या आत उरका, फोन दहा फूट लांब ठेवा. नागपूरच्या मारबतीच्या मिरवणुकीत वाजवायचं असेल तर लॅपटॉप घरीच राहू द्या. किकच्या चार जागा ढोलवाल्याला द्या आणि ताशाला म्हणा, काडी तू धर.