रॅकचे पाय बघा: कल्चर (प्रयोगशाळेत पाळलेले कीटक) सांभाळायला नव्याने येणाऱ्यांसाठी

कीटकशास्त्रात एम.एस्सी. करून जैविक कीड नियंत्रणाच्या प्रयोगशाळेत लागणाऱ्या पोरापोरींना ट्रायकोग्रामाचं, म्हणजे किडीच्या अंड्यांत आपली अंडी घालणाऱ्या बारक्या गांधीलमाशीचं, जीवनचक्र तोंडपाठ असतं. ती ज्याच्या अंड्यांवर वाढवतात त्या कोर्सायरा पतंगाची पेटी कशी भरायची तेही माहीत असतं: तापवून निर्जंतुक केलेली अडीच किलो ज्वारीची भरड, शंभर ग्रॅम शेंगदाण्याचा कूट, चिमूटभर यीस्ट आणि गंधक, वरून अर्धा सीसी अंडी. त्यात मी वेळ घालवत नाही. मुंग्यांचं मात्र सांगायलाच हवं. मुलाखतीत त्यांच्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही आणि पुढं सगळी बोलणी त्यांच्यापायीच खावी लागतात.

मुंग्यांना आपल्या खोलीत काय नाही? कुटाचा तेलकट वास आहे, पतंगांसाठी ठेवलेला मधाच्या पाण्याचा बोळा आहे, मऊ अळ्या आहेत आणि अंडी आहेत. ट्रायकोग्रामासाठी कोर्सायराची अंडी डिंकानं चिकटवून शेतकऱ्याला देतो त्या एक सीसीच्या कार्डावर १६ ते १८ हजार अंडी असतात. बारक्या मुंग्यांची रांग एकदा त्याला लागली की सकाळी कार्डावर डिंकाचे डाग तेवढे उरतात. जुलैत असं झालं तर मोठी पंचाईत. पेटी भरल्यापासून पतंग निघायला चाळीसेक दिवस लागतात, तोवर कपाशीला पात्या-फुलं लागलेली असतात. २०१७ च्या गुलाबी बोंडअळीनंतर आमच्याकडे कार्ड मागायला येणारे शेतकरी वाढले, आणि कल्चर बसलंय हे कारण बांधावर कुणी ऐकून घेत नाही.

उपाय सगळ्यांना ठाऊक आहे. घरात दुधाचं पातेलं पाण्याच्या परातीत ठेवतात, तशाच रॅकच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या. सोपं आहे, स्वस्त आहे, चालतंही. मी अडकलो ते इथंच, म्हणून जरा लांबण लावतो.

वाटीत पाणी असणं वेगळं आणि वाटीनं मुंगी अडवणं वेगळं. कोर्सायराचे पतंग फडफडले की पंखांवरचे खवले झडतात. (मास्क लावा. ‘मला काही होत नाही’ म्हणणारे पुढं वर्षभर खोकतात.) हे खवले पाण्यात बुडत नाहीत, वर तरंगतात. त्यात भरड चाळतानाची धूळ पडते, एखादं मेलेलं पाखरू पडतं, कोळ्याचा धागा अडकतो. बघता बघता पाण्यावर करडा पापुद्रा धरतो. वरून बघितलं तर वाटी भरलेली दिसते, रजिस्टरमध्ये ‘पाणी ठीक’ लिहिलं जातं आणि बारीक मुंगी त्या पापुद्र्यावरून आरामात चालत जाते. मी रोज पाण्याची पातळी बघत होतो, पाण्याचं तोंड बघत नव्हतो. आमच्याकडे झाडलोट करणाऱ्या मामांनी वाटीत काडी फिरवून दाखवली. काडीला राखेसारखा थर आला. म्हणाले, ‘‘साय धरलीय की रं पाण्यावर. तुला दिसंना का?’’

तेव्हा पाणी नुसतं वाढवू नका. वाटी रिकामी करा, घासा, ताजं पाणी भरा आणि त्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाका. साबणानं पाण्याचा ताण मोडतो, मुंगी वर तरंगत नाही, बुडते. डासही होत नाहीत. परभणीच्या मे महिन्यात वाटी बघता बघता आटते, म्हणून तोंडाला रुंद आणि खोल भांडं घ्या. पाण्याऐवजी तेल ओतून निर्धास्त होणारे पुष्कळ आहेत. तेलावर धूळ आणखी घट्ट बसते. पायाला व्हॅसलीन फासलं तर उन्हाळ्यात ते ओघळून खाली येतं.

वाट्या स्वच्छ असूनही मुंग्या चढल्या तर पूल शोधा. भिंतीला टेकलेला रॅकचा कोपरा, कूलरची वायर, पडदा, कुणीतरी तिरका उभा केलेला झाडू, यातलं काहीतरी सापडतंच. आमच्याकडे मधाच्या बोळ्याची तार छताच्या खिळ्याला बांधलेली होती. वाट्या चकाचक, आणि मुंग्या तारेवरून खाली येत होत्या. रॅक भिंतीपासून वीतभर लांब ठेवा आणि रात्री दिवा बंद करून टॉर्चनं एकदा बघा. दिवसा न दिसलेली रांग तेव्हा हमखास दिसते.

आता खडू आणि फवारा. मुंग्यांचा खडू कल्चरच्या खोलीत आणायचा नाही, म्हणजे नाही. त्यात सिंथेटिक पायरेथ्रॉइड असतं. ट्रायकोग्रामाची गांधीलमाशी अर्ध्या मिलिमीटरची, तिला त्याची धूळही पुरते. शेजारी कुणी रेशीम कीटक पाळत असेल तर त्यांच्याकडेही हीच बोंब व्हायची. फॅरो मुंगीसारख्या अनेक राण्यांच्या बारक्या जातींवर फवारा मारला की वारूळ फुटतं आणि एकाची चार होतात. ‘मार की जरासा कोपऱ्यात’ म्हणणारा सीनियर प्रत्येक लॅबमध्ये असतो. त्याचा थीसिस झालेला असतो, कल्चर तुमचं असतं. व्हिडिओत सांगतात ते हळद, दालचिनी, कापूर करून बघायला हरकत नाही. मुंगी वळसा घालून येते.

त्यापेक्षा आमिष. साखरेच्या पाण्यात साधारण एक टक्का बोरिक ॲसिड, कापसाच्या बोळ्यावर, आणि तेही खोलीच्या बाहेर, रांग येते त्या वाटेवर. जास्त टाकलंत तर मुंग्या वाटेतच मरतात, वारुळापर्यंत माल पोचत नाही. पहिले दोन दिवस बोळा काळा होईपर्यंत मुंग्या येतील. घाबरू नका, तसंच व्हायला हवं. हटवू नका, त्याच वाटेवर फवारू नका, काही आठवडे थांबा.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट आहे. काळ्या जमिनीवरच्या इमारती उन्हाळ्यात भेगाळतात, पावसाळ्यात जमीन फुगली की पुन्हा हलतात. फरशी आणि भिंतीमधल्या भेगेत सिमेंट भरलंत तर पुढच्या मे महिन्यात ती शेजारी उघडते. तिथं लवचिक सिलिकॉन सीलंट भरा. पहिल्या पावसात वारुळांत पाणी शिरलं की मुंग्या याच भेगांतून आत येतात, तेव्हा हे काम रोहिणीतच उरकायचं.

आणि मुंग्या लागल्याच तर? त्या पेट्या लगेच खोलीबाहेर काढा, बाकीचं रॅक हलवा, वाट्या बदला. नोकरी जात नाही. दुसऱ्या खोलीत चार पेट्यांचं राखीव कल्चर असेल तर फक्त उशीर होतो. ते नसेल तर बेंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरोकडून मूळ कल्चर मागवता येतं, पण पत्र, पैसे, पार्सल यात हंगाम हातचा जातो. हे राखीव कल्चर पहिल्याच आठवड्यात मागून घ्या, कुणी आपणहून देत नाही.

क्रायसोपर्लाचं (मावा खाणाऱ्या मित्रकिडीचं) काम मिळालं तर तिची अंडी भिंगाखाली जरूर बघा. प्रत्येक अंडं केसाएवढ्या देठाच्या टोकावर उभं असतं, मुंगीच्या तोंडापासून लांब. तरी अळ्या निघाल्यावर डबे वाटीवाल्या रॅकवरच ठेवायचे.

शिकायचं कुणाकडून म्हणाल तर झाडलोट करणाऱ्या मामा-मावशींकडून. सर वर्षातून एकदा रॅक बघतात, हे रोज त्याच्याखालून झाडू फिरवतात.

शेतकऱ्याला कार्ड देताना एवढं सांगा, की पट्ट्या कापून संध्याकाळी पानाच्या खालच्या बाजूला टाचायच्या, आधी त्या झाडावर मुंग्यांची रांग नाही ना ते बघायचं, आणि कार्ड लावल्यावर आठवडाभर तरी फवारणी करायची नाही. तो म्हणेल, दुकानदारानं उद्याच औषध मारायला सांगितलंय. मग त्याला कार्ड त्या दिवशी देऊ नका.