‘ऑपरेटरला समज दिली’ हे उत्तर नाही: रूट कॉज (दोषाचे मूळ कारण) शोधताना या चुका टाळा

चाकण असो, भोसरी असो की वाळूज, कारखान्यात ग्राहकाची तक्रार आली की व्हाय-व्हाय अ‍ॅनालिसिसचा, म्हणजे मूळ कारण सापडेपर्यंत पुन्हा पुन्हा ‘का?’ विचारण्याचा, फॉर्म निघतो. फॉर्म भरला जातो, सह्या होतात आणि काही महिन्यांनी तीच तक्रार पुन्हा दारात उभी. पद्धतीत खोट नाही, चुका वापरताना होतात.

सर्वांत मोठी चूक म्हणजे ‘का’ची साखळी माणसापाशी नेऊन थांबवणे. शेवटच्या रकान्यात ‘ऑपरेटरचे दुर्लक्ष’ आणि उपाय काय, तर ‘ट्रेनिंग दिले’. हा त्या माणसावर अन्याय आहेच, शिवाय मशीन होते तसेच राहते. टोयोटाचे ताईची ओनो यांचे प्रसिद्ध उदाहरण बघा. मशीन थांबले, कारण ओव्हरलोडमुळे फ्यूज उडाला. ओव्हरलोड का? बेअरिंगला पुरेसे ऑइल नव्हते. का? पंप नीट ऑइल खेचत नव्हता. का? पंपाचा शाफ्ट झिजला होता. का? गाळणी नव्हती, धातूचा कचरा आत जात होता. पहिल्या उत्तरावर थांबले असते तर नुसते फ्यूज बदलत बसावे लागले असते. पाच वेळा ‘का’ विचारायचे, हा आकडा मात्र पवित्र नाही. कधी तिसऱ्यातच कारण सापडते, कधी साखळीला दोन फाटे फुटतात.

दुसरी चूक: मीटिंग रूममध्ये बसून उत्तरे लिहिणे. ‘बहुधा’, ‘असावे’ असे शब्द आले की उठून मशीनपाशी जा. प्रत्येक उत्तरासमोर मोजमाप, झिजलेला पार्ट किंवा नोंद हवी. मग साखळी खालून वर ‘म्हणून’ लावून वाचा. जिथे वाक्य अडखळते, तिथे अंदाज घुसलेला असतो.

काओरू इशिकावा यांचा फिशबोन, म्हणजे माणूस, मशीन, मटेरियल, मोजमाप अशा काट्यांवर संभाव्य कारणे मांडणारी माशाच्या सांगाड्यासारखी आकृती, काढून सगळे काटे भरायचे आणि मग मतदानाने कारण ठरवायचे, हेही टाळा. ती संशयितांची यादी आहे, निकाल नव्हे. त्यातला मोजमापाचा काटा मी नेहमी आधी तपासायला सांगेन. ५० मिमी बोअरचा (आतल्या गोल छिद्राचा) अ‍ॅल्युमिनियमचा जॉब, म्हणजे मशीनवर घडवलेला भाग, मोजमापाच्या ठरलेल्या तापमानापेक्षा १५ अंश सेल्सियसने गरम असताना मोजला, तर बोअर सुमारे १७ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठा दिसतो. टॉलरन्स (मापात चालणारा फरक) २५ मायक्रॉनचा असेल तर तुम्ही नसलेल्या दोषामागे धावताय.

‘दोष कुठे नाही?’ हा प्रश्न तर बहुतेक फॉर्मवर नसतोच. समजा सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या मशीनवर) बोअरचा साइज सरकतोय. रिजेक्शन (नाकारलेले जॉब) तासवार मांडा. सकाळी सुरुवातीला आणि जेवणाच्या सुट्टीनंतर जास्त, मधल्या वेळात जवळपास नाही, असे दिसले तर टूल किंवा मटेरियलवरचा संशय बराच कमी होतो. ते तर दिवसभर तेच आहे. बदलते ते मशीनचे तापमान. थंड मशीनवर ऑफसेट (टूलच्या जागेची दुरुस्ती) दिला, पुढे बॉलस्क्रू आणि स्पिंडल हे मशीनचे सरकणारे-फिरणारे भाग तापून वाढले की साइज हलतो.

आणखी एक: दोष का घडला याबरोबरच तो तपासणीतून का सुटला, याची वेगळी साखळी काढा. दोन्हींची उत्तरे क्वचितच एक असतात.

कारण सापडले असे वाटले की ते चालू-बंद करून बघा. एक दिवस वॉर्म-अप सायकल (काम सुरू करण्याआधी मशीन रिकामे चालवून तापवणे) न चालवता सुरुवातीचे जॉब काढा, ते वेगळे ठेवा, थंड झाल्यावर मोजा. दुसऱ्या दिवशी वॉर्म-अप करून तेवढेच जॉब काढा. साइज पहिल्या दिवशी सरकला आणि दुसऱ्या दिवशी जागेवर राहिला, तरच फॉर्मवर सही करा.