गावातील वापरलेल्या तेलाचा प्रश्न आरोग्यसेविकेने कसा मांडावा

गॅरेज, पेट्रोल पंप आणि कारखान्यांतील वापरलेले तेल व तेलकट कचरा गावाच्या पाण्यात जात असेल, तर सांगली जिल्ह्यातील आरोग्यसेविकेने काय करावे, ते येथे पाहू. या जिल्ह्यात खनिज तेलाच्या किंवा वायूच्या विहिरी नाहीत. महाराष्ट्राच्या वाट्याचे तेलक्षेत्र, म्हणजे १९७४ साली सापडलेले बॉम्बे हाय, समुद्रात आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियासारख्या राज्यांत मात्र विहिरींतून वर येणारे खारे आणि बऱ्याचदा रेडियम हे किरणोत्सारी मूलद्रव्य असलेले सांडपाणी कोठे टाकायचे, हा गावोगावचा प्रश्न आहे आणि तेथील परिचारिकांच्या संघटना त्यावर उघडपणे बोलतात. त्यांची वाट बिकट आहे, कारण १९८८ साली तेथील केंद्रीय पर्यावरण संस्थेने तेल-वायू उत्खननाचा बहुतेक कचरा घातक कचऱ्याच्या कडक नियमांबाहेर ठेवला. भारतातील २०१६ च्या घातक कचरा नियमांच्या पहिल्या अनुसूचीत उत्खननातील तेलकट गाळ, साठवण टाक्यांतील गाळ आणि वापरलेले वंगण तेल हे तिन्ही प्रकार आहेत. आपल्याकडे येतो तो या साखळीचा शेवटचा भाग, म्हणजे गॅरेज, सर्व्हिसिंग सेंटर, पेट्रोल पंप आणि कारखान्यांतील तेलकट कचरा. तो घातक आहे हे आरोग्यसेविकेला सिद्ध करत बसावे लागत नाही. तो कोठे जातो, एवढेच दाखवून द्यावे लागते.

पहिली पायरी आपल्याच खात्यापासून सुरू होते. डेंग्यूच्या दिवसांत साचलेल्या पाण्यावर जळके ऑइल (इंजिनमधील वापरलेले तेल) टाकण्याचा सल्ला आपल्याकडे वर्षानुवर्षे दिला गेला आहे, आणि ज्या उपकेंद्रातून तो दिला जातो त्या उपकेंद्राने गॅरेजवाल्याला जाब विचारला, तर “सिस्टर, तुम्हीच तर टाकायला सांगता” हे उत्तर ठरलेले आहे. म्हणून आशाताईंच्या बैठकीत हा सल्ला आधी बंद करावा आणि त्याच्या जागी आठवड्यातून एक कोरडा दिवस (पाण्याची भांडी रिकामी करून सुकवण्याचा), गप्पी मासे आणि संडासाच्या व्हेंट पाइपला जाळी हे उपाय सांगावेत.

त्यानंतर गावाचा हाताने काढलेला साधा नकाशा करावा. त्यात तेल हाताळणारी ठिकाणे, पिण्याच्या विहिरी व बोअर, ओढे आणि उताराची दिशा दाखवावी. नेहमीच्या गृहभेटींतच हे काम होते. कृष्णा आणि वारणाकाठच्या गावांनी पुराची रेषाही त्यावर काढावी. सांगलीत इर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. त्या रेषेच्या आत ठेवलेले तेलाचे प्रत्येक बॅरल पुराच्या पाण्याबरोबर घराघरांत शिरू शकते, त्यामुळे ही बॅरले जूनपूर्वीच उंचावर हलवण्याचा आग्रह धरावा.

गॅरेजमालकाशी तक्रारीआधी बोलावे. जळके ऑइल सहसा कोणी फेकत नाही, कारण त्याला गिऱ्हाईक असते. उघड्यावर पडतात ते ऑइल फिल्टर, तेलाने भिजलेल्या चिंध्या, भुसा आणि गाड्या धुतलेले पाणी. तेल कोणाला विकले जाते हेही विचारावे, कारण भट्टीत जाळण्यासाठी नेणारा आणि नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणारा यांत मोठा फरक आहे. वापरलेल्या तेलाच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी १ एप्रिल २०२४ पासून तेल तयार करणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवरही आली आहे, आणि लहान गॅरेजवाल्याला हे सांगितले तर तो आपल्याला शत्रू समजत नाही, असे माझे मत आहे.

नोंदवहीला सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण परिचारिकेचे खरे बळ तेथे आहे. प्रत्येक नोंदीत तारीख, ठिकाण आणि जवळचा पाण्याचा स्रोत असावा. स्वतः पाहिलेले, लोकांनी सांगितलेले आणि आपल्याला वाटलेले या तीन गोष्टी तीन वेगळ्या रकान्यांत लिहाव्यात. मेकॅनिकच्या हातांवरील त्वचादाह व पुरळ, पाण्याला येणारा पेट्रोलसारखा वास, त्या वासाने होणारी डोकेदुखी आणि मळमळ ही लक्षणे नोंदवण्याजोगी आहेत. पाण्यावर तवंग दिसला तर काडीने ढवळून पाहावे: लोहजीवाणूंचा तवंग पापुद्र्यासारखा तुटतो आणि तुकडे सुटेच राहतात, तेलाचा तवंग पुन्हा एकत्र येतो. रुग्णांची नावे वहीबाहेर जाऊ देऊ नयेत. पेट्रोलमधील बेन्झीन कर्करोगकारक आहे हे खरे असले, तरी गावातील एखाद्या कर्करोगाचे कारण म्हणून तक्रारीत त्याचा उल्लेख करू नये; हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या रुग्णांवरून तसे ठरवता येत नाही, आणि त्या एका वाक्यामुळे बाकीची भक्कम नोंदही बाजूला पडते.

पाणी तपासणीत बहुतेक प्रयत्न फसतात. जलसुरक्षक पाठवतो तो नेहमीचा नमुना प्रामुख्याने जंतूंसाठी असतो, त्यामुळे ‘पिण्यास योग्य’ या शेऱ्याचा तेलाशी काही संबंध नसतो. खनिज तेलाची तपासणी लेखी आणि स्वतंत्रपणे मागावी. आयएस १०५००:२०१२ या मानकानुसार पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ०.५ मिलिग्रॅम आहे. तेल प्लास्टिकला चिकटते, म्हणून नमुना प्रयोगशाळेने दिलेल्या काचेच्या बाटलीत घ्यावा, ती बाटली त्याच पाण्याने विसळू नये आणि थंड ठेवून लगेच पोहोचवावी. अहवाल येईपर्यंत वास येणारे पाणी पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी बंद करावे. टीसीएल (ब्लीचिंग) पावडरने तेल जात नाही, आणि उकळल्याने फक्त वाफा घरात पसरतात.

यानंतरच पत्र लिहावे. शासकीय व जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांना वर्तणूक नियम लागू असतात, म्हणून वर्तमानपत्राकडे जाण्याऐवजी वैद्यकीय अधिकाऱ्यांमार्फत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना अहवाल द्यावा आणि गावाच्या आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत तो इतिवृत्तावर घ्यावा. समितीने किंवा ग्रामसभेने ठराव करून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार करावी. सांगलीचे उपप्रादेशिक कार्यालय कोल्हापूरच्या अखत्यारीत येते, तर साताऱ्याचे पुण्याच्या. कारखान्याविरुद्ध तक्रार असेल तर तीत नेमके प्रश्न असावेत: घातक कचरा हाताळण्याचे मंडळाचे प्राधिकारपत्र (परवानगी) आहे का, कचरा ९० दिवसांपेक्षा जास्त साठवला आहे का, तो नेताना नमुना १० (फॉर्म १०) मधील वाहतूक पत्रक भरले होते का.

उत्तर न आल्यास कोणाही ग्रामस्थाला माहिती अधिकारात अर्ज करता येतो आणि ३० दिवसांत माहिती मिळणे अपेक्षित असते. सार्वजनिक उपद्रव हटवण्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली प्रांताधिकाऱ्यांकडे जाता येते. पुण्यातील हरित लवादाकडे हरित लवाद कायद्याच्या कलम १४ खालील अर्ज तक्रारीचे कारण प्रथम घडल्यापासून साधारणपणे सहा महिन्यांत करावा लागतो, आणि तेव्हा वहीतील पहिली तारीख उपयोगी पडते.

साफसफाई झाली तरी त्या विहिरीचा एक नमुना पावसाळ्यापूर्वी आणि एक पावसाळ्यानंतर, त्याच पद्धतीने, निदान दोन वर्षे घेत राहावा, कारण जमिनीत मुरलेले तेल भूजल वर चढताच पुन्हा पाण्यात येऊ शकते.