पुण्यात नवीन आलात? आधी रेशनकार्डाचं ऐका

2015 साली आम्ही तुळजापूरकडून हडपसरला आलो. आता गावाकडचं कुणी नवीन आलं की पहिला फोन मला येतो, भाड्याच्या खोलीसाठी. खोली मिळते हो. पोटाचं कुणी विचारत नाही. महिनाअखेरीला किराणा दुकानाची वही बघून मग डोळे पांढरे होतात.

तर पहिली गोष्ट: गावच्या रेशनकार्डावरून नाव कमी करू नका. आम्ही केलं. इथल्या एका एजंटाने सांगितलं, तिकडची नावं कमी करून दाखला आणा, आठवड्यात नवीन कार्ड देतो. सासऱ्यांनी तहसीलला खेटे घालून आमची चार नावं कमी करून आणली. नवीन कार्ड हातात यायला दोन वर्षं गेली, आणि आलं ते केशरी, धान्याशिवाय! तेव्हा गहू 2 रुपये आणि तांदूळ 3 रुपये किलो होता. माणशी 5 किलो, म्हणजे महिन्याला 20 किलो धान्य आम्ही आमच्या हाताने घालवलं. 2023 पासून तर ते फुकट आहे. आता जुनंच कार्ड इथल्या दुकानात चालतं, कार्डाचा नंबर सांगून अंगठा लावायचा. आधार जोडणी आणि ई-केवायसी मात्र घरातल्या सगळ्यांची हवी. सासूसासरे गावी असले तर त्यांच्या वाटणीचं ते तिकडे उचलू शकतात. म्हणून पुन्हा सांगते, कुणी कितीही गोड बोललं तरी नाव कमी करू नका.

माळवं मार्केट यार्डातून आणा. शनिवारी बंद असतं, रविवारी पाय ठेवायला जागा नसते. पेपरात टोमॅटो 200 वाचून मी पहिल्यांदा घाबरलेच होते. तो दहा किलोचा भाव असतो, पालेभाजीचा शेकडा जुड्यांचा. एकटीने दहा किलो उचलू नका, निम्मं सडतं. चाळीतल्या तिघीचौघींनी मिळून आणा आणि वाटून घ्या. दारावरच्या पावकिलोच्या भावात आणि त्यात किती फरक पडतो ते एकदा स्वतःच बघा.

आपली माणसं इथं आली की एक खूळ घेतात. गावाकडे हुलग्याचं माडगं, येसर, करडईची भाजी खाणारं घर पुण्यात पाहुण्यांसमोर बिस्किटं आणि पोरांना डब्यातली पावडर द्यायला लागतं. मीही दिली. पोरगी दुसरीत असताना रक्त कमी निघालं. डॉक्टरीणबाईंनी डबा मागवला, मागचं बारीक अक्षर मलाच वाचायला लावलं. साखर वरच्या नंबरात होती. तेव्हापासून तो पैसा अंडी, शेंगदाणे आणि हरभऱ्यात जातो. एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम प्रथिनं, 100 ग्रॅम शेंगदाण्यात 25 च्या आसपास. भिजवलेली मटकी, बाजरीची भाकरी, शेवग्याचा पाला, वर लिंबू पिळून. जेवणाला लागून चहा नको, लोह अंगी लागत नाही. हे आमच्या मालकांना अजून पटलेलं नाही.

तेल सुटं घेऊ नका.

लहान मूल असेल किंवा दिवस गेले असतील तर अंगणवाडीत नाव घाला. मूल सहा महिन्यांचं झालं की आहार मिळतो. आपल्या बायका लाजतात, पुणेकरीण मात्र बरोब्बर रांगेत पहिली असते. दुकानदाराशी घासाघीस करायला जाऊ नका, तो भाव कमी करणार नाही आणि वर चार शब्द ऐकवेल. दुपारी एक ते चार तर तो तुम्हाला दुकानाच्या पायरीवरही उभं करत नाही. पण वजनात मारत नाही, हे मला तरी पटलंय.

दिवाळीला गेलात की येताना ज्वारी आणि हुलगे घेऊन या. पोत्यावरून एसटीचा कंडक्टर कुरकुर करतो. करू द्या, लगेजचं तिकीट काढा आणि पोतं मागच्या सीटखाली सरकवा.