दीड लाख आणि दोन दिवस

ताईला दीड लाख पाठवायचे होते. यूपीआय एक लाखाच्या वर जाईना. मी आपला उगाच नेटवर्कला शिव्या घालतोय! मग आयएमपीएस, म्हणजे एका बँकेतून दुसऱ्या बँकेत लगेच पैसे पाठवायची सोय. त्याची मर्यादा २०२१ पासून ५ लाख, म्हणून खूश झालो. पण ताईचं खातं मी त्याच सकाळी ॲपमध्ये जोडलेलं, आणि नव्या खात्याला पहिले २४ तास आमची बँक ५० हजारांवर जाऊ देत नाही.

थांबलो. दुसऱ्या दिवशी बटण दाबणार तोच खाली बारीक अक्षरांत दिसलं: शुल्क, वर १८ टक्के जीएसटी. एनईएफटी हा पैसे पाठवायचा दुसरा मार्ग; बचत खात्यावरून ऑनलाइन केलं तर त्याला मात्र शुल्क नाही, फक्त पैसे लगेच न जाता दर अर्ध्या तासाच्या बॅचने जातात. तेच केलं. चहा होईपर्यंत ताईचा फोन, "आले रे!"